उशिरा उमगलेले प्रेम : 'ब्रोकबॅक माउंटन' या कथेतील शब्द आणि मौन

उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हाला
• 'ब्रोकबॅक माउंटन' या कथेचे कथानक व तिची सामाजिक पार्श्वभूमी सांगता येईल;
• पात्रांजवळ भावनेसाठी शब्द नसताना कथेची भाषा ती भावना कशी व्यक्त करते, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल;
• व्यंजना, अनुभाव व विप्रलंभ शृंगार या संकल्पनांचे आधुनिक कथेला उपयोजन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रेमकथा म्हटली की तिचा एक साचा आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. दोन व्यक्ती परस्परांकडे ओढल्या जातात, मध्ये काही अडथळा येतो आणि शेवट मीलनात किंवा कायमच्या विरहात होतो. अडथळा घराण्याचा असेल, जातीचा असेल, पैशाचा असेल. परंतु या कथांतील नायक-नायिकांना एक गोष्ट बहुधा ठाऊक असते : आपले प्रेम आहे. प्रश्न असतो तो इतरांना ते पटवण्याचा.

प्रस्तुत घटकात आपण जी कथा अभ्यासणार आहोत, तिच्यात मात्र स्वतः नायकालाच हे ठाऊक नाही. त्याच्याजवळ त्या भावनेसाठी शब्द नाही. जो एक शब्द त्याने ऐकलेला आहे, तो हिणवण्याचा आहे. अमेरिकेतील एका डोंगरावर मेंढ्या राखणाऱ्या दोन तरुण पुरुषांच्या प्रेमाची ही कथा आहे. व्याकरणात आपण 'अध्याहृत' पदाचा विचार करतो. वाक्यात ते पद नसते, पण त्याच्यावाचून वाक्याचा अर्थ लागत नाही. या कथेत 'प्रेम' हे पद असे अध्याहृत आहे. ते कोणत्या खुणांवरून ओळखायचे, हा आपला प्रश्न आहे.

४.२ लेखिका, कथा आणि भूमी

ॲनी प्रू या अमेरिकन लेखिकेचा जन्म १९३५ सालचा. 'द शिपिंग न्यूज' या कादंबरीसाठी त्यांना १९९४ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला. 'ब्रोकबॅक माउंटन' ही त्यांची कथा १३ ऑक्टोबर १९९७ च्या 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९९९ साली 'क्लोज रेंज' या संग्रहात समाविष्ट झाली. या संग्रहातील कथा वायोमिंग या राज्याच्या भूमीत घडतात.

ही भूमी समजून घेतल्याशिवाय कथा समजत नाही. वायोमिंगचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भरेल. १९६० च्या जनगणनेत मात्र या साऱ्या प्रदेशात सुमारे ३ लाख ३० हजार माणसे राहत होती. मैलोगणिक गवताळ माळ, त्यावर वाहणारा वारा आणि दूरदूर विखुरलेले रँच. 'रँच' म्हणजे आपल्या अर्थाने शेत नव्हे. गुरे किंवा मेंढ्या पाळण्याचा तो विस्तीर्ण व्यवसाय आहे. त्यावर राबणारे पुष्कळसे लोक मालक नसतात. ते हंगामापुरते मजुरीवर ठेवलेले गडी असतात.

उन्हाळ्यात मेंढ्या उंच डोंगरावरच्या सरकारी वनकुरणांत चरायला नेल्या जातात. आपल्याकडील धनगर मेंढपाळांचे स्थलांतर तुम्ही पाहिले असेल. त्यांच्या वाड्यासोबत बायका, मुले, घोडी, कोंबड्या, सारा संसारच चालत असतो. या कथेत तसे काही नाही. परस्परांना अनोळखी असे दोन मजूर, एक हजार मेंढ्या व त्यांची कोकरे, घोडी, कुत्री आणि निर्मनुष्य डोंगर. संसारापासून तोडलेली ही जागा आहे. म्हणूनच संसाराचे नियमही तेथवर पोचलेले नाहीत.

४.३ कथानक

१९६३ चा उन्हाळा. एनिस डेल मार आणि जॅक ट्विस्ट हे दोघे विशीच्या आतले, शाळा अर्धवट सोडलेले, गरीब घरांतले तरुण ब्रोकबॅक डोंगरावर मेंढ्या राखण्याच्या कामावर रुजू होतात. एनिसचे आईवडील अपघातात गेलेले असून थोरल्या भावंडांनी त्याला वाढवले आहे. अल्मा या मुलीशी त्याचे लग्न ठरलेले आहे. जॅक बोलका, एनिस अबोल. एकाने तळावर राहून स्वयंपाकपाणी पाहायचे आणि दुसऱ्याने रात्री कळपाजवळ निजायचे, अशी कामाची वाटणी असते. हळूहळू दोघांची मैत्री जुळते. एका थंड रात्री एनिस तळावरच थांबतो आणि दोघे शरीराने एकत्र येतात. त्यानंतर उन्हाळाभर हे नाते चालू राहते, पण त्याविषयी दोघेही बोलत नाहीत. बर्फ लवकर पडू लागल्यामुळे ऑगस्टमध्येच कळप खाली आणावा लागतो आणि दोघे आपापल्या वाटेने निघून जातात.

एनिस अल्माशी लग्न करतो व त्याला दोन मुली होतात. जॅक टेक्सासमध्ये लुरीनशी लग्न करतो. चार वर्षांनी जॅकचे पत्र येते आणि पुनर्भेट होते. तेव्हापासून 'मासेमारीच्या सहली' या नावाखाली दोघे वर्षातून एकदोनदा डोंगरात भेटत राहतात. एक लहानसा रँच घेऊन एकत्र राहू, असे जॅक सुचवतो. एनिस नकार देतो. एनिसचा घटस्फोट होतो, तरी नकार कायम राहतो. १९८३ मधील भेट शेवटची ठरते. पुढे एनिसने पाठवलेले पोस्टकार्ड, जॅक मृत झाल्याचा शिक्का घेऊन परत येते. एनिस जॅकच्या आईवडिलांच्या घरी जातो. तेथे जॅकच्या खोलीत त्याला एकात एक घातलेले दोन सदरे सापडतात.

४.४ नावाचा अभाव

पहिल्या रात्रीनंतर त्या दोघांमध्ये या विषयावर जो काही संवाद होतो, तो नकारार्थी आहे. आपण 'तसले' नाही, असे एनिस सांगतो. जॅकही तेच म्हणतो. त्यांना ठाऊक असलेला एकमेव शब्द निंदेचा आहे आणि तो नाकारण्यापुरताच उच्चारला जातो. जे नाव उपलब्ध आहे ते स्वीकारता येत नाही, आणि जे स्वीकारता येईल असे नाव उपलब्ध नाही.

भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. शब्द नसल्यामुळे अनुभव नाहीसा होत नाही. भूक, थंडी, ओढ ही शब्दांवाचूनही असतात. शब्द नसल्याने हरवते ते दुसरेच काही : त्या अनुभवाविषयी स्वतःशी विचार करण्याची, दुसऱ्याजवळ मागणी करण्याची आणि भविष्याची योजना आखण्याची शक्ती. जॅकला ही शक्ती थोडीफार लाभली आहे. म्हणून तो रँचचे स्वप्न मांडू शकतो. एनिसला ती लाभलेली नाही.

मराठीचीही स्थिती फार वेगळी नव्हती, हे लक्षात घ्या. 'समलिंगी' हा संस्कृत घटकांपासून घडवलेला, लेखी व्यवहारात रुळलेला शब्द आहे. बोलीत मात्र या संदर्भात जे शब्द कानावर येत, ते बहुतांशी टवाळीचे. पुस्तकातला शब्द तटस्थ आणि तोंडातला शब्द बोचरा, अशा दोहोंच्या मध्ये घरात, जेवताखाता, आपल्या माणसाविषयी सहजपणे वापरता येईल असा शब्द शोधणे ही आजही अनेक कुटुंबांपुढची अडचण आहे.

४.५ उसनी भाषा : काम, जनावरे आणि मासेमारी

स्वतःची भाषा नसलेले प्रेम या कथेत दुसऱ्या व्यवहारांची भाषा उसनी घेते. तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण कामाचे. डोंगरावरचे दोघांचे बोलणे घोडी, कुत्री आणि पूर्वीच्या मजुऱ्या यांविषयी असते. रात्रीची चढ-उतार जॅकला नकोशी झाल्यावर दोघे कामांची अदलाबदल करतात. वरवर पाहता ही केवळ सोय आहे. वाचकाला मात्र कळते की, एकाच्या त्रासाची दुसऱ्याने दखल घेतली आहे. ज्या घरांत नवराबायको एकमेकांना प्रेमाचा शब्द कधी बोलत नाहीत, पण एकाच्या पाळीचे पाणी दुसरा न सांगता भरून ठेवतो, त्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांना ही भाषा परकी वाटणार नाही.

दुसरे उदाहरण संबोधनाचे. चार वर्षांनंतरच्या भेटीत एनिसच्या तोंडून जॅकसाठी एक लाडाचे संबोधन निघते. लेखिका लगेच सांगते की, हे संबोधन तो आपल्या घोड्यांसाठी आणि मुलींसाठी वापरत असे. बैलाच्या मानेवर हात फिरवत त्याला 'राजा' म्हणणारा शेतकरी आठवा. बायकोला त्याने तसे चारचौघांत कधी म्हटलेले नसते. एनिसजवळ मायेचे जे एकमेव पद आहे, ते गोठ्यातले आणि पाळण्याजवळचे आहे. प्रियकरासाठी वेगळे पद त्याला कोणी शिकवलेलेच नाही. म्हणून तो असलेले पद काढून देतो.

तिसरे उदाहरण 'मासेमारी' या शब्दाचे. एनिस सहलीला निघताना तोच शब्द घरी सांगतो. अल्माने पहिल्याच पुनर्भेटीच्या वेळी दाराआडून दोघांना मिठीत पाहिलेले असते, पण ती काही बोलत नाही. पुढे एकदा ती त्याच्या मासेमारीच्या पेटीत गळाच्या दोरीला एक चिठ्ठी बांधून ठेवते. सहलीवरून पेटी परत येते तेव्हा चिठ्ठी जागच्या जागी असते. दोरीला पाण्याचा स्पर्शही झालेला नसतो. ही गोष्ट ती घटस्फोटानंतर पुष्कळ काळाने बोलून दाखवते. अभिधेने 'मासेमारी' म्हणजे मासे पकडणे. एनिस आणि जॅक यांच्यात त्याचा व्यंग्यार्थ निराळा. आणि तिसरी व्यक्ती, अल्मा, तो व्यंग्यार्थ ओळखूनही वर्षानुवर्षे वाच्यार्थावरच संसार चालवते. या कथेतील मौन दोघांचेच नाही. त्याची किंमत तिनेही मोजलेली आहे. अल्माला खलनायिका समजून वाचणे ही या कथेच्या वाचनातील मोठी चूक ठरेल.

> स्वयंअध्ययन प्रश्न १ : तुमच्या परिसरातील बोलीत जनावरांसाठी किंवा लहान मुलांसाठी वापरली जाणारी दोन लाडाची संबोधने लिहा. ती मोठ्या माणसांसाठी केव्हा वापरली जातात? चार-पाच ओळींत उत्तर लिहा.

४.६ आधी शरीर, मागाहून ओळख

मंद आचेवर शिजणारी प्रेमकथा म्हणून या कथेचा उल्लेख होतो. हे वर्णन योग्य असले, तरी येथे नेमके काय मंद आहे, ते पाहिले पाहिजे. प्रेमकथेत सामान्यतः मीलन लांबणीवर टाकून उत्कंठा वाढवली जाते. येथे शरीरे तर कथेच्या पहिल्या तृतीयांशातच एकत्र येतात. लांबते ती ओळख.

कथाकाल आणि कथनकाल यांतील प्रमाण पाहा. १९६३ च्या काही महिन्यांना लेखिका विस्ताराने पाने देते आणि नंतरची वीस वर्षे त्या मानाने झपाट्याने उलटतात. एनिसच्या मनातही काळाचे माप असेच आहे. तो उन्हाळा मोठा आहे आणि उरलेले आयुष्य त्याच्या कडेला पडलेले आहे.

डोंगरावरून उतरल्यानंतरचा प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जॅकचा निरोप घेऊन थोडे अंतर गेल्यावर एनिसच्या पोटात कोणीतरी आतडी ओढावीत तशी कळ येते. तो रस्त्याच्या कडेला थांबतो, ओकारी काढू पाहतो, पण काही पडत नाही. काहीतरी खाण्यात आले असावे, असे त्याला वाटते. ही कळ विरहाची होती, हे समजायला आपल्याला वर्ष लागले, असे तो पुढे जॅकला सांगतो.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर हा अनुभाव आहे. स्थायी भावाची शरीरावर उमटलेली खूण. अश्रू, कंप, वैवर्ण्य यांसारख्या खुणा प्राचीन काव्यातील नायकांनाही होतात, पण त्यांना त्यांचे कारण माहीत असते. 'मेघदूता'तील यक्ष विरहाने कृश झाला आहे आणि आपण का कृश झालो, हे तो मेघाला सविस्तर सांगू शकतो. एनिसच्या बाबतीत अनुभाव प्रकट होतो, पण ज्याच्या शरीरावर तो प्रकट झाला त्यालाच तो वाचता येत नाही. वाचक रती ओळखतो, आश्रय ओळखत नाही. या अंतरातून कथेतील करुणा निर्माण होते.

विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त विप्रलंभ शृंगाराचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार भेद सांगितले आहेत. या कथेत प्रवास आहे, आणि शेवटी करुणही आहे. परंतु येथील वियोगाचे कारण शाप नाही, दूरदेशीची चाकरी नाही, रुसवाही नाही. ते कारण आहे भय. काव्यशास्त्राच्या जुन्या चौकटीत या भयासाठी स्वतंत्र खण नाही, आणि चौकट कोठे अपुरी पडते ते दाखवणे हाही उपयोजनाचाच भाग आहे.

४.७ शिकवलेले भय

संपर्कसत्रांत ही कथा शिकवताना एक प्रश्न हमखास विचारला जातो : एनिस भित्रा होता काय? एवढे प्रेम होते, तर तो जॅकबरोबर का गेला नाही?

उत्तर कथेतच आहे. एनिसच्या लहानपणी त्याच्या भागात अर्ल आणि रिच नावाचे दोन वयस्क पुरुष एक रँच मिळून चालवत असत. त्यांपैकी अर्ल मारला गेला. त्याचे छिन्नविच्छिन्न प्रेत पाटाच्या चरात पडले होते. चाक बदलण्याच्या लोखंडी पहारीने त्याला मारले होते. नऊ वर्षांच्या एनिसला त्याच्या वडिलांनी हे प्रेत मुद्दाम नेऊन दाखवले. कदाचित त्यांचाच त्यात हात असेल, अशी शंकाही एनिसच्या मनात आहे.

म्हणजे जॅक ज्या रँचचे स्वप्न पाहतो, तो रँच एनिसने पूर्वी पाहिलेला आहे. दोन पुरुषांचे एकत्र घर म्हणजे काय, याचे त्याच्या आयुष्यातील एकमेव उदाहरण त्या चरात संपते. त्याच्या वडिलांनी त्याला या विषयावर एक शब्दही शिकवला नाही, एक दृश्य शिकवले. जॅकचा मृत्यू टायर फुटल्याने अपघातात झाला, असे लुरीन दूरध्वनीवर सांगते. एनिसला मात्र तीच लोखंडी पहार दिसते. लेखिका शेवटपर्यंत निर्णायक उत्तर देत नाही.

हे भय लेखिकेच्या कल्पनेचा अतिरेक आहे, असे कोणी म्हणू शकले असते. परंतु कथा प्रसिद्ध झाल्यानंतर बरोबर एका वर्षाने, ऑक्टोबर १९९८ मध्ये, त्याच वायोमिंग राज्यातील लॅरामी गावाजवळ मॅथ्यू शेपर्ड या २१ वर्षांच्या समलिंगी विद्यार्थ्याला कुंपणाला बांधून बेदम मारहाण करण्यात आली आणि १२ ऑक्टोबर रोजी त्याचा मृत्यू झाला. पुढे २००९ साली द्वेषमूलक गुन्ह्यांविरुद्धच्या अमेरिकन संघराज्याच्या कायद्याला त्याचे नाव जोडले गेले. तेव्हा एनिस भित्रा होता, असे म्हणण्यापूर्वी त्याला जे शिकवले गेले होते ते खोटे नव्हते, हे लक्षात घ्यावे. त्याच वेळी हेही विसरू नये की, त्या भयापुढे मान तुकवल्यामुळे त्याने जॅकची वीस वर्षे आणि स्वतःचीही वीस वर्षे गमावली. कथा दोन्ही गोष्टी एकदम सांगते. म्हणूनच ती बोधकथा होत नाही.

४.८ अभिज्ञान : दोन सदरे

जॅकच्या लहानपणाच्या खोलीत, कपड्यांच्या फडताळाच्या आतल्या कोनाड्यात, एनिसला एक जुना सदरा टांगलेला दिसतो. तो ब्रोकबॅकवरचा जॅकचा सदरा आहे. बाहीवर वाळलेले रक्त एनिसचेच आहे. शेवटच्या दिवशी झोंबाझोंबीत एनिसच्या नाकातून आलेले रक्त जॅकने त्या बाहीने पुसले होते. सदरा जड लागतो, म्हणून एनिस पाहतो, तर त्याच्या आत दुसरा सदरा आहे. बाहीत बाही घालून ठेवलेला. फार पूर्वी कुठल्याशा लाँड्रीत हरवला असे समजलेला तो एनिसचा स्वतःचा सदरा.

शाकुंतलातील अंगठी तुम्हाला आठवेल. ती सापडताच दुष्यंताला विसरलेले प्रेम आठवते. येथे सदरे सापडताच एनिसला न ओळखलेले प्रेम ओळखता येते. फरक एवढाच की, दुष्यंताची शकुंतला जिवंत आहे. जॅकने जे कधी नीट सांगितले नाही, ते त्याने दोन कपड्यांच्या रचनेतून सांगून ठेवले होते : माझ्या आत तू. हे वाक्य कथेत कोठेही नाही. ते पूर्णतः व्यंजनेने येते.

शेवटी एनिस ब्रोकबॅक डोंगराचे चित्र असलेले पोस्टकार्ड विकत आणतो, आपल्या फिरत्या घराच्या भिंतीला लावतो आणि त्याखाली खिळ्यावर ते सदरे टांगतो. त्यांच्यासमोर तो शपथेचे वाक्य उच्चारू लागतो, पण ते पुरे होत नाही. आयुष्यभर वाक्य सुरूच न करणारा माणूस वाक्य सुरू करतो, इतकाच बदल लेखिका त्याला देते. ऐकणारा तेव्हा उरलेला नसतो.

२००५ साली आंग ली यांनी या कथेवर काढलेल्या चित्रपटाला दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा आणि संगीत यांसाठी तीन ऑस्कर पुरस्कार मिळाले. चित्रपटाच्या अखेरीस सदऱ्यांचा क्रम उलटलेला दिसतो. आता एनिसचा सदरा बाहेर आणि जॅकचा आत आहे. एक शब्दही न उच्चारता दिलेले हे उत्तर आहे.

४.९ मराठी वाचकाच्या दृष्टीने

मराठीत विजय तेंडुलकर यांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकात स्त्रीच्या स्त्रीविषयीच्या ओढीचा, तर सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत एकाच तरुणावर प्रेम करणाऱ्या भाऊ-बहिणीचा विषय आलेला आहे. 'कोबाल्ट ब्लू'मधील तनय आणि एनिस यांची तुलना उद्बोधक ठरेल. तनय शहरी आहे, शिकलेला आहे, स्वतःशी दीर्घ बोलू शकतो. तरीही घरात त्याला बोलता येत नाही. म्हणजे स्वतःशी बोलण्याचे शब्द मिळणे आणि घरात बोलण्याची मुभा मिळणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले. कायद्याने गुन्ह्याचा शिक्का पुसला. परंतु मुलाला काय दाखवायचे, चरातले प्रेत की दोन माणसांचे नांदते घर, हे कायदा ठरवत नाही. ते घरातील मोठी माणसे ठरवतात. तुमच्यापैकी अनेक जण आज आईवडील आहेत, शिक्षक आहेत, कोणाचे वरिष्ठ सहकारी आहेत. तुमच्या तोंडातला शब्द कोणीतरी नऊ वर्षांचा ऐकत असतो.

४.१० सारांश

'ब्रोकबॅक माउंटन' ही कथा मीलनाच्या विलंबाची नसून ओळखीच्या विलंबाची आहे. पात्रांजवळ प्रेमासाठी शब्द नसल्यामुळे ते प्रेम कामाच्या, जनावरांच्या आणि मासेमारीच्या भाषेत वावरते, शरीरावर अनुभावरूपाने उमटते आणि अखेर वस्तूंमधून ओळखले जाते. या विलंबामागे व्यक्तीचा दुबळेपणा एवढेच कारण नाही. समाजाने हेतुपुरस्सर शिकवलेले भय हे मुख्य कारण आहे. मौनाची किंमत एनिस, जॅक, अल्मा आणि लुरीन असे चौघेही मोजतात.

४.११ सरावासाठी स्वाध्याय

१. 'या कथेत प्रेम हे पद अध्याहृत आहे,' या विधानाचे तीन उदाहरणांच्या आधारे स्पष्टीकरण करा.
२. 'मासेमारी' या शब्दाचा वाच्यार्थ व व्यंग्यार्थ सांगून अल्माच्या मौनाचे स्वरूप लिहा.
३. शाकुंतलातील अंगठी आणि या कथेतील दोन सदरे यांतील साम्य व भेद विशद करा.
४. एनिसचा नकार तुम्हाला समर्थनीय वाटतो काय? कथेतील प्रसंगांच्या आधारे आपले मत सुमारे ३०० शब्दांत मांडा.